पडीक गाडीचा डायोरामा: गंज किती आणि काळ किती?

खटपटे

नमस्कार मंडळी. टामिया कंपनीच्या किटमधली १:२४ ची (खरीपेक्षा २४ पट लहान) फोक्सवॅगन बीटल हाती घेतली आहे, १९६६ सालची १३००. ती नवीकोरी चकचकीत करायची नाही. रानाच्या कडेला कोणीतरी सोडून दिलेली, झाडाझुडपांनी वेढलेली अशी दाखवायची आहे.

नेटवर पडीक गाड्यांचे डायोरामे, म्हणजे मॉडेलभोवती उभे केलेले छोटे देखावे, पाहायला घेतले तर दर दुसरी गाडी छपरापासून टायरपर्यंत एकसारखी नारिंगी. माझं स्पष्ट मत असं की या कामांत गंज ढीगभर असतो, पण काळ दिसत नाही. गाडी पाच वर्षं पडून आहे की चाळीस, काही पत्ता लागत नाही. तर प्रश्न असे:

किती वर्षं पडून आहे हे आधी ठरवावं का, आणि ठरवलं तर ते दिसणार कशातून? गाडी पूर्ण करून मग जमीन आणि झाडं करायची, की सगळं बरोबर पुढे न्यायचं? आणि गंज रंगाने दाखवायचा की खराच आणायचा?

किटं जुळवण्याचा सराव आहे. झाडांच्या बाबतीत पाटी कोरी.

निळी_शाई

रुमाल टाकून ठेवते. या विषयावर भिंग येणार आणि मग धागा शंभरी गाठणार.

रॉकेल

माझ्याकडे १:१ स्केलचा आहे, पार्किंगमध्ये. झाडंही आपोआप उगवली. बायको म्हणते प्रदर्शनात दे, निदान जागा तरी मोकळी होईल.

चिमटा

गंजासाठी हेअरस्प्रे पद्धत, डोळे मिटून. आधी गंजाचे दोन-तीन रंग ठिपक्याठिपक्यांनी, एकसारखे नाहीत. त्यावर वार्निश, ते पक्कं वाळू द्या. मग हेअरस्प्रेचे दोन हलके हात आणि त्यावर गाडीचा मूळ रंग, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक. रंग हाताला कोरडा लागला की कोमट पाणी लावून आखूड केसांच्या ब्रशने घासायचं. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग कपच्यांनी सुटतो. लॅकर रंग वर मारलात तर पाणी आत शिरणारच नाही, घासत बसाल.

भिंग

आलो. :)

चिमटा यांची पद्धत उत्तम आहे, पण ती 'कशी' याचं उत्तर झालं. 'कुठे' हे आधी ठरवायला हवं. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा तिन्ही लागतात. गाडीवर पडलेलं पाणी छपरावरून वाहून जातं, ते साचतं ठरावीक जागी: दारांच्या तळाशी, चाकांच्या कमानींच्या आतल्या काठावर, काचेच्या रबराखाली. दाराच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, ती पालापाचोळ्याने बुजली की दार आतून कुजतं. म्हणून गंज बाहेर दिसतो तेव्हा आतलं काम कधीच उरकलेलं असतं. छपराचा मधला भाग बहुतेक शेवटी गंजतो, आणि डायोरामात लोक नेमका तोच पहिला रंगवतात कारण तिथे ब्रश छान चालतो.

बीटलचं आणखी वेगळं. दारांखाली दोन्ही बाजूंनी हीटरच्या पोकळ नळ्या जातात, त्याच गाडीचा उंबरठा असतात, आणि त्या आधी कुजतात. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते. तिच्यातून गळणारं ॲसिड आणि ओल मिळून तिथला पत्रा खातात. सीट काढून ठेवणार असाल तर तिथे एक भोक हवंच, आणि त्यातून खालचं गवत दिसलं तर बहार.

दीडशहाणी

भिंग, हे पोस्टमॉर्टेम झालं. :D मॉडेल बघणारे दोन हात लांबून बघतात. सीटखालचं भोक कोण बघणार?

भिंग

ते भोक करणाऱ्याला माहीत असतं, आणि त्याचा परिणाम बाकीच्या कामावर होतो. एकदा पाण्याची वाट कळली की ब्रश नको तिथे जात नाही.

कासव

वर्षं आधी ठरवाच. नुसता आकडा नको, गोष्ट ठरवा. गाडी बंद पडली म्हणून सोडली? मालक गेला आणि वारसांनी लक्ष दिलं नाही? की सुट्या भागांसाठी आणून ठेवली होती? पहिल्या प्रकारात सामान आत असतं, काचा वर असतात. तिसऱ्यात दारं उघडी, बॉनेट नाही, आणि जे गेलं ते पान्याने व्यवस्थित खोलून गेलेलं असतं.

बीटलचं इंजिन तर चार मुख्य बोल्टवर असतं. पडीक बीटलमधून ते आधी जातं. आता गंमत बघा. इंजिन मागे असतं, ते काढलं की मागचं वजन गेलं. १९६६ च्या गाडीत मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे मधल्या सांध्यावर चाकासकट वर-खाली झुलणारा कणा. वजन गेल्यावर गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि मागच्या चाकांचे खालचे काठ आत ओढले जातात. इंजिन काढलेलं दाखवायचं आणि गाडी सपाट उभी ठेवायची, हे बीटलवाल्याला लगेच खटकतं.

खटपटे

कासव, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. इंजिन नाही हे नक्की केलं. मागचं झाकण अर्धवट उघडं ठेवतो.

मुंगी_मावशी

झाडांबद्दल मी बोलते, तो माझा प्रांत.

पहिली गोष्ट: झाड गाडीला उचलत नाही. इंजिनाच्या जागेतून झाड उगवलंय आणि त्याने गाडी हातभर वर नेलीय असे डायोरामे खूप दिसतात. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. बुंध्यावर कमरेइतक्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही कमरेइतक्याच उंचीवर राहतो. बुंधा फक्त जाड होतो. त्यामुळे तो पत्र्याला बाजूला ढकलेल, बंपरला कवेत घेईल, पण लिफ्टचं काम करणार नाही.

दुसरी गोष्ट: वर्षं दाखवायला बुंध्याच्या जाडीसारखं साधन नाही. १० सेंटिमीटर जाडीचं झाड १:२४ मध्ये ४ मिलिमीटरची काडी होते. गाडीच्या मधूनच एवढं झाड आलं असेल तर बघणारा मनातल्या मनात वर्षं मोजतो, तुम्हाला पाटी लावायला नको. पण मग गंज त्या वर्षांना साजेसा हवा. तरणंताठं झाड आणि गाडीवर नुसती धूळ, हे जमत नाही.

निळी_शाई

मावशी, वेल?

मुंगी_मावशी

वेल जमिनीतून येतो हे लोक विसरतात. छपरावर पसरवलेला असतो आणि मूळ कुठेच नाही! खाली जाड, वर बारीक, आणि जिथे धरायला काही आहे तिथून वर: आरसा, दाराची मूठ, उघडी खिडकी. मी वाळलेली केसाळ मुळं वापरते, माती धुऊन. पानांसाठी बर्चची वाळलेली फुलोऱ्याची लोंबी कुस्करली की आतून तीन-एक मिलिमीटरची पानाच्या आकाराची खवलं निघतात. २४ ने गुणा, सात सेंटिमीटरचं पान. बाजारातला चाळलेला फोम वापरला तर सगळं एकजात हिरवा भुसा दिसतो.

आणि खरं शेवाळं जसंच्या तसं चिकटवू नका. १:२४ ला ते झुडूप दिसतं. झुडूप म्हणूनच वापरा.

वातड

खऱ्या गंजाचा प्रश्न राहिला. मी खरा गंज वापरतो आणि रंगवाल्यांशी माझं कधीच पटत नाही.

बारीक स्टीलवूल भांड्याच्या साबणाने धुवायची, तिला तेल असतं. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची. दोन-चार दिवसांत लोखंड विरघळतं. हे पाणी लावून हवेवर वाळू दिलं की तपकिरी-नारिंगी थर येतो, तो खराखुरा गंजच. खाली साचत राहणारा गाळ गाळून वाळवून घेतला की उत्तम पिगमेंट. बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही, हायड्रोजन सुटतो. आणि ब्लीचच्या आसपासही हे नेऊ नका, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. ही चेष्टा नाही.

चिमटा

वातड, पण प्लॅस्टिकवर हे पाणी थेंब-थेंब होऊन बसतं ना?

वातड

नुसत्या प्लॅस्टिकवर बसतं. आधी खडबडीत मॅट प्रायमर, किंवा लोखंडाची पूड मिसळलेला रंग मारून त्यावर हे पाणी. पूड असली की गंज स्वतःच्या मर्जीने येतो, तुम्ही फक्त जागा ठरवायची.

चिमटा

तेच तर दुखणं आहे. मर्जी त्याची. थांब म्हटलं तर थांबत नाही. रंग सांगेल तिथे थांबतो. आणि गंजाचे कण काही २४ पट लहान होत नाहीत. खडबडीत गंज १:२४ ला पत्र्यावर चिकटलेल्या खडीसारखा दिसतो.

वातड

मान्य, म्हणून तो वस्त्रगाळ करायचा. तुम्हा रंगवाल्यांच्या मीठवाल्या पद्धतीचंही तेच, गंजाच्या रंगावर मीठ चिकटवायचं, वर गाडीचा रंग मारायचा आणि मीठ घासून काढायचं. ०.३ मिलिमीटरचा मिठाचा कण म्हणजे गाडीवर ७ मिलिमीटरचा रंग उडालेला ठिपका. चालून जातो. जाडं मीठ घेतलंत की गाडीला देवी आल्यासारखी दिसते.

भिंग

स्केलचा विषय निघालाच आहे तर पत्र्याची जाडी. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर. किटचं प्लॅस्टिक एक मिलिमीटर धरा, म्हणजे १:१ मध्ये २४ मिलिमीटर. अशा पत्र्याला गंजून भोक पडलेलं दाखवलं की त्याचा काठ बोटभर जाड दिसतो आणि सगळा डाव फसतो. भोक पाडायची जागा आतून घासून कागदाइतकी पातळ करा, मग सुईने तोडा. काठ कुरतडलेला, आणि भोकाभोवती रंगाला फुगवटे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग आधी फुगतो आणि मग फुटतो. फुगवट्यांसाठी बारीक कण सांडून वरून रंगाचा हात.

वाकलेला मडगार्ड हवा असेल तर सोपा मार्ग आहे. बीटलचे मडगार्ड बोल्टने लावलेले वेगळे भाग असतात. किटच्या मडगार्डवर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन थर दाबून, कडा चोळून साचा उचला. ते फॉइल साधारण ०.०१६ मिलिमीटर असतं, दोन थर म्हणजे जवळपास खऱ्या पत्र्याची जाडी. वाकवा, चेपा, फाडा. किंवा एक मडगार्ड काढूनच टाका.

रॉकेल

म्हणजे मी इतकी वर्षं रोज स्केल मॉडेलचा पत्रा गुंडाळून डबा नेतोय.

दीडशहाणी

आता माझी काडी. सगळे गंजावर तुटून पडलाय, पण गाडी कशाची बनली आहे हे तरी विचारा. ट्राबांटच्या बाहेरच्या पत्र्याला लोक गंज रंगवतात. पत्रा कसला, ते ड्युरोप्लास्ट, राळ आणि कापसाच्या धाग्यांचं. ते गंजत नाही, आतला पोलादी सांगाडा गंजतो. जुन्या लँड रोव्हरचं बॉडीपॅनेल ॲल्युमिनियमचं, तिथे फार तर पांढरी भुकटी. तांबडा गंज चॅसिसला आणि बल्कहेडला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला. १९५३ पासून कॉर्व्हेट फायबरग्लासची. या गाड्या रानात टाकल्या तर रंग फुटतो, शेवाळ येतं, पण नारिंगी होत नाहीत.

भिंग

अगदी. आणि पोस्टमॉर्टेम कोण करतंय बरं आता?

दीडशहाणी

:P

पाचोळा

नवीन आहे इथे, पहिलाच प्रतिसाद. उन्हाचं कोणी बोललं नाही. छत आणि बॉनेट यांचा रंग आधी उडतो, लाल असेल तर गुलाबट आणि खडूसारखा होतो, बोट फिरवलं तर बोटाला लागतो. दारांच्या उभ्या बाजू मूळ रंगाच्या जवळ राहतात. तेव्हा एकच रंग सगळीकडे मारू नये, वरच्या बाजूला पांढरा मिसळून पातळ हात द्यावा. वार्निशचे पापुद्रे निघालेले मात्र १९६६ च्या गाडीवर दाखवू नका. रंगावर वेगळा क्लिअरकोट देण्याची पद्धत सर्रास झाली ती १९८० च्या दशकात.

भिंग

पाचोळा, पहिलाच प्रतिसाद आणि असा! येत राहा.

निळी_शाई

काचांचं सांगा ना कोणीतरी. मला फुटलेली काच कधीच जमत नाही, कायम ओरखडे पडलेलं प्लॅस्टिक वाटतं.

चिमटा

बाजूच्या काचा टफन्ड असतात, फुटल्या की दाणे होतात आणि सगळ्या खाली येतात. तिथे तडे दाखवूच नका. खिडकी मोकळी, रबराच्या खाचेत दोन-चार तुकडे, बाकी सीटवर आणि जमिनीवर. पुढची काच लॅमिनेटेड असेल तर जाळं पडतं आणि ती जागेवर राहते. मात्र जुन्या कित्येक गाड्यांत पुढची काचही टफन्ड असायची, मग जाळं वगैरे काही उरत नाही.

तुकड्यांसाठी सूक्ष्मदर्शकाची कव्हरस्लिप. जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर, म्हणजे १:१ ला ३.६. खऱ्या दाराच्या काचेच्या जवळपास. कागदाच्या घडीत ठेवून चुरडा, चष्मा लावून. बोटाने उचलू नका, ओल्या ब्रशच्या टोकाने.

कासव

आता एक गोष्ट जी बघितली की विसरता येत नाही: ओघळ.

गंजाचे ओघळ गुरुत्वाकर्षणाने येतात, गाडीच्या रेषेने नाही. समजा पुढचं डावं टायर बसलं आणि गाडी त्या कोपऱ्यात झुकली. त्यानंतर आलेले ओघळ जमिनीला काटकोनात असतील, म्हणजे दाराच्या रेषेला तिरके. पण टायर बसायच्या आधीचे जुने ओघळ दाराच्या रेषेला सरळ राहतील, फिकट होऊन. दाराच्या मुठीखाली हे दोन्ही काढा: जुना फिकट सरळ, नवा गडद तिरका. खटपटे, तुम्ही विचारलं होतं काळ दिसणार कशातून. गाडी आधी सपाट उभी होती, मग कधीतरी एक टायर गेलं, एवढं सगळं त्या दोन रेघांत येतं.

पद्धत: गाडी बेसवर ज्या कलाने बसणार त्याच कलाने खाली टेकू लावून ठेवा आणि ऑइल कलरचे बारीक ठिपके टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेल्या ब्रशने वरून खाली ओढा. हातात धरून ओघळ काढलेत तर हात गाडीच्या रेषेने जाणारच.

मुंगी_मावशी

कासव, लाख बोललात.

खटपटे

हे करणार म्हणजे करणार. टायर बसलेली कशी करायची? किटची रबरी आहेत.

वातड

ते रबर नाही, व्हिनाइल असतं. आणि त्यातलं तेल वर्षानुवर्षं पॉलिस्टायरीनला लागून राहिलं की रिम वितळते. रिमला आधी प्रायमर-रंगाचं कवच द्या. बसलेल्या टायरसाठी खालचा भाग सपाट घासा आणि जमिनीलगत एपॉक्सी पुटीने दोन्ही बाजूंना फुगवटा काढा. खऱ्या चाकात जमीन ते रिम अंतर १३ सेंटिमीटरच्या आसपास, १:२४ ला साडेपाच मिलिमीटर. हवा गेली की त्यातलं फारच थोडं उरतं. नुसतं सपाट घासलेलं टायर कापलेलं दिसतं, बसलेलं नाही.

चिमटा

आणि क्रमाचा प्रश्न कोणी घेतला नाही. गाडीचा रंग, गंज, ओघळ आधी. मग जमिनीचा लगदा ओला असताना गाडी पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दाबा, चाकांचे ठसे उमटले की उचला. जमीन वाळली की गाडी त्याच खड्ड्यांत बसते. नाहीतर गाडी जमिनीवर 'ठेवलेली' दिसते, खाली उजेडाची फट राहते. त्यानंतर झाडं, आणि सगळ्यात शेवटी जमिनीच्याच मातीची पूड गाडीच्या खालच्या भागावर. खरी माती वापरत असाल तर चाळून आधी भट्टीत तापवून घ्या, नाहीतर बुरशी खरोखरच उगवेल.

रॉकेल

बुरशी उगवली तर मुंगी मावशींना बोलवा, त्या तिचंही स्केल काढून देतील.

पाचोळा

संदर्भासाठी: स्वीडनच्या दक्षिणेत रिड गावाजवळ क्युर्को मोसे नावाच्या दलदलीत जुन्या गाड्या झाडीत रुतलेल्या आहेत, आणि अमेरिकेत जॉर्जियातल्या व्हाइट गावी ओल्ड कार सिटीत जंगलात ४,००० हून जास्त गाड्या आहेत. दोन्हीकडचे पर्यटकांचे फोटो ढिगाने मिळतात. दुसऱ्यांची मॉडेलं बघून मॉडेल केलं की नारिंगी रंग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा हेच बघितलेलं बरं. स्वीडनच्या फोटोंत लाल गंजापेक्षा हिरवं शेवाळच जास्त दिसतं.

खटपटे

मंडळी, ठरलं. साधारण पंचवीस वर्षं. सुट्या भागांसाठी आणून ठेवलेली गाडी, इंजिन नेलेलं, मागची बाजू उचललेली, पुढचं डावं टायर नंतर बसलेलं. एक मडगार्ड फॉइलचा. इंजिनाच्या जागेतून ४ मिलिमीटरचं एक झाड, बाकी खुरटं. निळा रंग, वरून फिकट. गंज हेअरस्प्रेने, पण उंबरठ्यापाशी वातड यांचा गाळ. छपराला हात लावणार नाही, भिंग बघतायत.

एकच राहिलं: हेडलाइट. एक ठेवून एक काढू?

दीडशहाणी

एक डोळा फुटलेली गाडी सगळेच करतात. दोन्ही ठेवा.

कासव

सुट्या भागांसाठी आणलेली गाडी म्हणालात ना? मग दोन्ही काढा. १९६६ च्या बीटलला तिरक्या काचेखालचे दिवे आहेत, १९६७ पासून उभे आले. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे तिरक्या दिव्यांमागे हात धुऊन लागलेले असतात. इंजिन नेणाऱ्याने ते सोडले असतील यावर माझा विश्वास बसणार नाही. भोकांतून दोन वायरी लोंबू द्या, ०.१ मिलिमीटरच्या तांब्याच्या.

खटपटे

काढले. दिव्यांची किटमधली काच कोणाला हवी असेल तर विपू (विचारपूस) करा.

निळी_शाई

मला! मला! माझ्या बीटलचा एक दिवा फरशीवर पडला तो अजून सापडलेला नाही.